हाताखालून गेलेलं ताट

गल्लीतल्या बायका अजून विचारतात, "काय गं, भंडारदऱ्याला एवढे पैसे घालून खाल्लं तरी काय?" मी म्हणते, "नखुल्या." मग त्या तोंडाला पदर लावून हसतात. "अगं बाई, त्या माझ्याकडं डबाभर पडल्यात, फुकट नेल्या असत्यास की!" पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग, परवडलं का?" आता याला मी काय सांगू? हो म्हणावं तर हिचं डोकं फिरलंय म्हणतील, नाही म्हणावं तर खोटं होईल. दारात उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नाही, आणि मला आताशा उभं राहून काहीही करायचा कंटाळा आलाय.

संगमनेरात मी वीस-बावीस वर्षं खानावळ चालवली. बोर्ड कधी लावला नाही. कॉलेजची पोरं एकमेकांना सांगायची, "काकूंकडं जा," आणि यायची. पुढची खोली त्यांची, मागची आमची, मधे माझा ओटा. सकाळी भाजी, डाळ, भात, पोळ्या. संध्याकाळी पुन्हा तेच, फक्त भाजी वेगळी. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी सुट्टी. सुट्टी पोरांना हं! मी त्या वेळात आठवड्याचे तांदूळ निवडायची.

खानावळीतलं बाकी सगळं मी चुकतमाकत शिकले, पण आग्रह मला कुणी शिकवावा लागला नाही. खेड्यातनं नवीन आलेलं पोरगं सुरुवातीला लाजतं. "अजून एक पोळी?" विचारलं की "नको काकू, बास" म्हणतं आणि ताटावर हात आडवा धरतं. तो हात खरा नसतो. आमच्याकडं पहिल्या 'नको'ला कुणी किंमत देत नाही. पहिलं 'नको' म्हणायचंच असतं, नाहीतर लोक म्हणतात, हावरट दिसतोय, घरी खायला घालत नाहीत वाटतं. दुसरं 'नको' जरा हळू येतं आणि तिसऱ्याला हात आपसूक बाजूला होतो. मी तिसऱ्यापर्यंत थांबायचीच नाही, हाताखालून पोळी सरकवायची. एकदा पुण्याकडचा एक मुलगा माझ्यावर चिडला. "काकू, नको म्हणजे नको," असं तोंडावर म्हणाला. मला असा राग आला! काय हे वळण, म्हटलं, आईनं काही शिकवलंय की नाही याला? पुढं चार दिवस मी त्याच्याशी धड बोलले नव्हते.

मी स्वतः जेवायची ती सगळ्यांच्या मागनं, ओट्याला टेकून, कढईतच. तळाची भाजी आणि गार झालेली पोळी. भांडी पडलेली असायची, त्यामुळं पटापट उरकायचं. जबरदस्ती कुणी केली नव्हती, तशी सवयच पडली. पण आई गेल्यापासून मला कुणी "तू बस, मी वाढते" म्हटल्याचं आठवत नाही. हे काही माझं एकटीचं रडगाणं नाही, आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचं असंच आहे.

या एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या, पोरं आपापल्या गावाला गेली, आणि मी मोठी परात घासून माळ्यावर टाकली. मनगटं कामातनं गेली होती. पीठ मळताना कळ पार खांद्यापर्यंत जायची. आमचे हे दूध संघातनं रिटायर झालेले, पेपर वाचत बसले होते. त्यांना म्हटलं, "बास झालं आता. जूनपासून मी पोरं घेणार नाही." पेपरातनं मान वर न काढता म्हणाले, "बघू." या 'बघू'शी माझा संसारभराचा परिचय आहे. मे महिना लागला तसे नव्या पोरांच्या वडिलांचे फोन यायला लागले, आणि हे प्रत्येकाला सांगायला लागले, "हां हां, पाठवा की. ती काय, नको नको म्हणत असती, पण तिला करमत न्हाई पोरांशिवाय." मी आतून ऐकायची. बोलायचं त्राणसुद्धा नसायचं.

मेच्या शेवटी मुलगा आणि सून पुण्याहून आले. म्हणाले, दोन दिवस भंडारदऱ्याला जाऊ, रूम बुक केल्यात, तळ्याकाठचं भारी रिसॉर्ट आहे, काजवे पण दिसतील. मी तयार झाले. खरं सांगू? मला काजव्यांचं काही पडलेलं नव्हतं. मला त्या दोन दिवसांत एकच पाहिजे होतं. कुणीतरी वाढावं आणि मी खाली बसून, गरम, सावकाश, पोटभर जेवावं. बस्स. मनात असंही होतं की एकदा तसं जेवले की अंगात जरा बळ येईल, आणि यांच्या 'बघू'ला तोंड देता येईल.

निघताना यांनी विचारलं, "दशम्या घेतल्यास का?"

आमच्यात घराबाहेर पाऊल टाकायचं तर दुधात मळलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर पाहिजेच, मग अगदी शेजारच्या अकोले गावच्या बाजाराला जायचं असलं तरी.

"नाही घेतल्या," मी म्हटलं.

"आन मग वाटंत भूक लागली तर?"

"तर सोसायची."

सून पुढच्या सीटवर बसली होती, ती खुदकन हसली. राजूरला यांनी गाडी थांबवायला लावली आणि पेढे घेतले, मोठा पुडा. ते पेढे खात खात वर पोचलो. धरणाचं पाणी उन्हाळ्यामुळं पार खाली गेलेलं होतं, काठाला लाल माती उघडी पडली होती, पण वारा गार होता. उतरल्या उतरल्या मला भूक लागली. पेढ्यांनी काय होतंय!

रिसॉर्टमधलं हॉटेल इटालियन होतं. पांढरी टेबलक्लॉथ, काचेचे उंच पेले, आणि समोर तळं. मुलानं खुर्ची मागं ओढून मला बसवलं. मेनू हातात आला तसे आमचे हे एकदम माझ्याकडं झुकले आणि कुजबुजले, "आगं, ह्यो दर बघितलास का?" आकडा मी इथं लिहीत नाही, जिवाला लागतं. एवढंच सांगते, की त्यातल्या एका ताटाच्या पैशात माझ्याकडं एखादं पोरगं पंधरा दिवस दोन्ही वेळ जेवलं असतं, फीस्टसकट.

मुलगा म्हणाला, "बाबा, सुट्टीवर किमती बघायच्या नसतात. इथं नुसत्या जेवणाचे पैसे नसतात. हा व्ह्यू, ही शांतता, त्याचे पण असतात."

"तळं तर सरकारचं हाय," हे म्हणाले. "आन ह्याच तळ्याचं पाणी आपल्या नळाला येतंय. आपन घरी बसून फुकट पितोय की."

मला हसू आलं. पण खरं सांगायचं तर मला तो दर यांच्याइतका टोचला नाही. मी स्वतः खानावळवाली. महिन्याचे पैसे ठरवताना मी गव्हाचे धरले, तेलाचे धरले, गॅसचे धरले. मनगटाचे कधी धरले नाहीत, आणि कुणी धरा म्हणालंही नाही. उलट चार रुपये वाढवले की पोरांचे बाप दारात येऊन घासाघीस करायचे. इथं आत कुणीतरी आपल्या हातांचे पैसे बिनदिक्कत लावले होते. मला त्या माणसाचा हेवा वाटला.

माझ्यासाठी सुनेनं मागवलं. "आई, हे तुम्हाला आवडेल, बटाट्याचं असतं, एकदम मऊ." नाव काहीतरी तोंडात न बसणारं होतं. आलं तेव्हा बघते तर काय, खोल पांढऱ्या ताटात लालभडक टोमॅटोचा रस्सा आणि त्यात नखुल्या! आपण उन्हाळ्यात रव्याची गोळी नखावर दाबून करतो ना, तशाच, फक्त थोराड. प्रत्येकीच्या पाठीवर बारीक रेघा. म्हणजे आत कुणीतरी एकेक बोटानं वळली होती. मी तोंडात घातली. आंबट, लसणाचा वास, वर तुळशीच्या जातीचं पान, आणि जीभ भाजेल इतकं गरम. गरम! मी डोळे मिटून घेतले. कुणी बघितलं असतं तर लाज वाटली असती.

यांच्या ताटात पांढऱ्या रश्श्यातल्या रुंद पट्ट्या होत्या. दोन घास खाऊन म्हणाले, "लई फिक्कं हाय. मीठ न्हाई, तिखट न्हाई." मग माझ्या ताटाकडं बघायला लागले. झालं. माझा हात आपोआप चालला. निम्म्या नखुल्या त्यांच्या ताटात, दोन मुलाला चवीला, दोन सुनेला. उरल्या त्या मी हळूहळू खायला घेतल्या. घाई करायची नाही, असं मी घरनं ठरवून आले होते.

तेवढ्यात वाढपी आला. चाळिशीतला, अंगावर काळा कोट, हातात चीज आणि किसणी. "मॅडम, वर चीज किसू?"

"नको नको," मी म्हटलं.

तो गेला. मला वाटलं, येईल परत. आला, पण पावाची टोपली घेऊन. "ब्रेड, मॅडम?" पावावर लोणी लावलेलं होतं, वास सुटला होता. "नको, बास," मी म्हटलं आणि वाट बघत राहिले. तो यांच्याकडं वळला. यांनी दोन घेतले.

मग मी काटा-चमचा ताटात ठेवून पाण्याचा घोट घेतला, तर तो पुन्हा हजर. "झालं, मॅडम?" त्यानं अगदी आदबीनं विचारलं.

आता आमच्याकडं पाहुण्याला "झालं का?" विचारलं की पाहुण्यानं "झालं झालं" म्हणायचं असतं. मग घरचे म्हणतात, "अहो, हे काय, काहीच खाल्लं नाही तुम्ही," आणि ताटात आणखी पडतं. मी "झालं झालं" म्हटलं, आणि सवयीनं ताटावर हात आडवा धरला. चांगल्या सात-आठ नखुल्या होत्या अजून. वाफ लागत होती तळहाताला.

त्यानं ताट माझ्या हाताखालनं अलगद काढलं आणि घेऊन गेला.

मी हात तसाच ठेवून बसले. हाताखाली नुसतं पांढरं कापड. मुलगा यांना मोबाईलवर कसले तरी फोटो दाखवत होता. सुनेनं विचारलं, "आई, पोट भरलं ना? गोड काही मागवू?" आणि मी पुन्हा म्हटलं, "नको गं, कशाला." काय म्हणावं या जिभेला! तिनं नाही मागवलं. बिल आलं तेव्हा यांनी ते लांब धरून वाचलं आणि म्हणाले, "दशम्या घेतल्या असत्या तर..." मला असं भडभडून आलं, की मी पर्समध्ये रुमाल शोधायचं निमित्त केलं. एवढे पैसे गेले आणि मी अर्धपोटी उठले. चिडले होते मी, पण कुणावर चिडावं ते कळत नव्हतं. त्या माणसानं माझं म्हणणंच ऐकलं होतं.

खोलीकडं जाताना यांचा फोन वाजला. कुणातरी पोराचे वडील. "हां हां, पाठवा," हे म्हणाले.

मी थांबले. "मी तुम्हाला नको म्हटलंय."

"आगं, नको काय नको? रिकामी बसून काय करशील? अंगाला गंज चढंल."

"नको म्हणतेय मी."

मुलगा मधे पडला. "आई, सगळी नको घेऊस. थोडीच घे. तुझाच वेळ जाईल."

"माझा वेळ मी घालवीन."

"बघ हं," हे म्हणाले, "जुलै लागला की तूच म्हणशील, पोरं हवी होती. मागल्या खेपेला पन असंच म्हणली हुतीस."

एकामागनं एक. आग्रहाला काही तोटा नव्हता! पाव नको म्हटलं ते सगळ्यांना एका दमात पटलं, गोड नको तेही पटलं. वीस वर्षांत साडी नको, सिनेमा नको, माहेरी चार दिवस नको, सगळं सगळं पटत आलं. आणि हे एक 'नको' मी पोटातनं म्हणत होते, तर तेवढंच यांना लाजून म्हटलेलं वाटत होतं. सून माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, "मला झोप आलीय," आणि पुढं चालायला लागले.

झोप कसली येतेय. पोटात कावळे कोकलत होते. बाकी सगळे दुपारचे आडवे झाले तशी मी बाहेर येऊन मागच्या पायऱ्यांवर बसले, पेढ्यांचा पुडा घेऊन. थोड्या वेळानं तोच वाढपी कोट काढून, टॉवेलनं मान पुसत आला आणि मला बघून बिचकला. मी म्हटलं, "या, बसा. मला एक सांगा, माणसाच्या हाताखालचं ताट ओढून नेता होय?"

त्याचा चेहरा पडला. "मॅडम, तुमीच झालं म्हनला..."

"मॅडम मॅडम करू नका. कुठले तुम्ही?"

"राजूरच्या वरल्या अंगाला गाव हाय आमचं."

"मग तुमच्या गावात असं करतात? पाहुणा झालं म्हणाला की ताट उचलतात?"

तो हसायलाच लागला, मग पायरीवर टेकला. "मावशी, घरी आसं केलं तर आई लाटनं घिऊन माझ्यामागं धावंल. पर हितं आमाला शिकवलंय. गिऱ्हाईक एकदा नको म्हनलं की दुसऱ्यांदा इचारायचं न्हाई. शेरातल्या लोकांना राग येतो. सुरवातीला मी दोनदा-तीनदा इचारायचो, तर एका बाईनं साहेबांकडं तक्रार केली."

"अस्सं." मला तो पुण्याकडचा मुलगा आठवला. "मग माझ्यासारखीनं इथं जेवावं कसं?"

"पैल्याच टायमाला हो म्हनायचं," तो म्हणाला. "त्यात काय मोठं?"

त्यात काय मोठं! मी पुड्यातला पेढा त्याला दिला. त्यानं "नको नको" म्हटलं. मी त्याच्या हातात कोंबला, आणि तो लगेच खाल्ला त्यानं.

दिवस कलला तसे आम्ही चौघं रस्त्यानं फिरायला निघालो. वळणावर एक छप्पर होतं, 'चुलीवरचं पिठलं-भाकरी' असा बोर्ड. यांचा चेहरा उजळला. "हे खरं जेवान! चला, हितंच बसू." छपराखाली माझ्याच वयाची बाई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. डोळ्यांत धूर, एक गुडघा वर घेतलेला. शहरातली माणसं तिचे फोटो काढत होती. मला तिचं काम दिसत होतं, चव नाही. बोर्डावर तिनं दर मात्र दणकून लावला होता, ते बघून मला बरं वाटलं.

"तुम्ही जेवा इथं," मी यांना म्हटलं. "मी वर जाते. दुपारच्याच ठिकाणी."

"पुन्यांदा तिथं? येडी का खुळी? तेवढ्या पैशात... आन हे तर घरच्यासारखं हाय."

"म्हणूनच."

"आगं, ह्याच्याहून चांगलं तर आपल्या घरी मिळतं."

"घरी करतं कोण?"

मी भांडायला म्हणून विचारलं नव्हतं. भांडायची ताकद कुठं होती? खरंच उत्तर पाहिजे होतं. मुलगा चुलीकडं बघायला लागला. सून म्हणाली, "आई, मी येते तुमच्याबरोबर." मग काय, सगळेच निघाले. हे मागनं हळूहळू येत होते. वाटेत मी सुनेला दुपारचं सगळं सांगितलं, ताटाचं आणि त्या माणसाच्या नियमाचं. ती चालता चालता थांबलीच. "आई, अहो, मला सांगायचं ना!" यांच्या कानावर किती गेलं माहीत नाही, पण मागची पावलं जरा जवळ आली होती.

तेच टेबल मिळालं. मी तेच मागवलं, बोट ठेवून. ताट आलं. या वेळी मी कुणाच्याही ताटात काही घातलं नाही. हे बघत होते, पण मागितलं नाही त्यांनी. त्यांनी स्वतःसाठी साधा पाव आणि सूप सांगितलं होतं.

वाढपी आला. तोंडावर दुपारची ओळखसुद्धा दाखवली नाही पठ्ठ्यानं. "मॅडम, चीज?"

"हो," मी म्हटलं. कानशिलं तापली माझी. अख्ख्या हॉटेलानं ऐकलं असं वाटलं.

त्यानं किसलं. थांबला. "अजून?"

"हो."

"ब्रेड?"

"हो. दोन."

मग मी जेवायला लागले. पाठ खुर्चीला टेकलेली, पाय जमिनीवर, कुकरची शिट्टी नाही, "काकू, भात" नाही. एकेक नखुली. बाहेर तळ्यावर अजून उजेड होता. मधेच मान वर केली, तर हे सूप सोडून माझ्याकडं बघत बसले होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "तू लई सावकाश जेवतीस की गं."

"तुम्हाला कसं ठाऊक असणार?" मी म्हटलं. "तुम्ही मला जेवताना कधी बघितलंय?"

मी सहज बोलून गेले. पण बोलल्यावर माझंच मला आश्चर्य वाटलं, कारण ते खरं होतं. लग्नाला एवढी वर्षं झाली, या माणसानं मला बसून जेवताना पाहिलेलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत काय ते पाहिलं असेल, तेही फोटोपुरतं. यांनी चमचा सुपात तसाच ठेवला होता.

आणि त्याच वेळी फोन वाजला. त्यांनी टेबलावर ठेवलेला होता, मलाही नंबर दिसला, तेच दुपारचे पोराचे वडील. यांनी उचलला. "हां... हां, बोला... न्हाई, हितं भंडारदऱ्याला आलोय... जून ना, हां..." आणि सवयीनं माझ्याकडं बघितलं. माझ्या काट्यावर एक नखुली होती.

"नको," मी म्हटलं.

यांचं तोंड उघडलं. मला वाटलं, आलं आता, गंज चढंल, करमणार न्हाई. मी थकून तिकडं न बघता ती नखुली तोंडात घातली.

"न्हाई हो," हे फोनवर म्हणाले. "बंद केली खानावळ. दुपारी मी उगं हो म्हणलो. ती नको म्हणली हुती."

पलीकडचा माणूस ऐकेना. त्याचा आवाज मला टेबलापलीकडून ऐकू येत होता, एकच पोरगं आहे, काकूंच्या हाताची सवय लागेल, तुम्ही समजावून सांगा की त्यांना. खेड्यातला भला माणूस, तो तरी काय करणार, त्याला वाटत होतं हे पहिलं 'नको' आहे.

"अहो, कितींदा इचारता?" हे म्हणाले. "नको म्हंजी नको."

फोन त्यांनी उपडा ठेवला. कुठं हात ठेवावा ते त्यांना कळत नसावं. मग त्यांनी आपल्या पावाचा तुकडा मोडला आणि टेबलावरनं हात लांब करून माझ्या ताटात ठेवला. रस्सा त्यांच्या बाहीला लागला. "घे," म्हणाले. "रश्शात बुडवून खा, चांगलं लागंल."

माझ्या तोंडावर 'नको' आलंच होतं.

"हो," मी म्हटलं, आणि तो तुकडा बुडवला. अजून गरम होतं.